मुंबई–लंडन हीथ्रो: अंतर नक्की किती आणि वेळ किती धरायचा?

पुणे_ते_लेस्टर

आई-बाबा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून मुंबईमार्गे लंडनला येत आहेत. हीथ्रोवरून पुढे लेस्टर. परतीचं तिकीट जूनचं. बेत आखताना तीन गोष्टी जुळत नाहीत.

1. मुंबई–हीथ्रो अंतर एका साइटवर 7,200 किमी दिसतं, दुसरीकडे 7,400, आणि विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर एका दिवशी 7,800 च्या वर होतं. खरं कुठलं?

2. विमान ताशी 900 किमीने जातं असं धरलं तर 8 तास व्हायला हवेत. तिकिटावर जाताना 9 तास 45 मिनिटं आहेत आणि येताना 8 तास 35 मिनिटं. एकाच रस्त्याला एक तास दहा मिनिटांचा फरक कसा?

3. लेस्टरची बस आधीच काढून ठेवायची आहे. विमान उतरल्यावर किती वेळाने सुटणारी घ्यावी? दोघंही सत्तरीच्या आसपास आहेत, बाबांना फार चालवत नाही.

---

गोलार्ध

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ती तीन वेगळी अंतरं आहेत.

7,200 हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. ते घरी काढता येतं. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. हीथ्रो 51.47 उत्तर, 0.46 पश्चिम. सूत्र असं:

कोसाइन(अंतर) = साइन(अक्षांश 1) × साइन(अक्षांश 2) + कोसाइन(अक्षांश 1) × कोसाइन(अक्षांश 2) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

आकडे घातले की उजवी बाजू 0.4247 येते. त्याचा उलटा कोसाइन म्हणजे 64.87 अंश. एका अंशाचे 60 नॉटिकल मैल, म्हणून सुमारे 3,892 नॉटिकल मैल. गुणिले 1.852, म्हणजे 7,208 किमी. पृथ्वी नेमकी गोल नसल्याने पाच-दहा किमी इकडेतिकडे होतात, त्याने काही अडत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, हीथ्रो शून्य रेखांशाच्या पश्चिमेला आहे हे विसरून 72.87 मधून 0.46 वजा करतात. तिथे बेरीज हवी, फरक 73.33 येतो. वजाबाकी केली तर उत्तर साठेक किमी कमी भरतं, आणि आकडा पटण्यासारखा असल्याने चूक लक्षातही येत नाही. दुसरी, एक्सेल कोन रेडियनमध्ये घेतं. अंश तसेच टाकले तर उत्तर भलतंच येतं, पण निदान ते चुकलंय हे लगेच कळतं.

7,400 हा आकडा दोन प्रकारे येऊ शकतो. शाळेतल्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ मारली आणि तेवढीच दिशा धरून गेलं, तर 7,404 किमी भरतात. तो नकाशा उत्तरेकडे ताणलेला असतो, त्यामुळे पट्टीची रेघ जवळची वाटते आणि खरा जवळचा रस्ता कमानीसारखा वर गेलेला दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे वाटेतल्या एखाद्या शहरावरून केलेली बेरीज. मुंबई–दुबई 1,925 आणि दुबई–हीथ्रो 5,495, मिळून 7,420. दुबईला उतरून गेलात तरी अंतर फक्त 212 किमीने वाढतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

7,800 म्हणजे विमान त्या दिवशी खरोखर जितकं उडलं तितकं. त्याबद्दल या विषयातले जाणकार सांगतीलच.

---

रनवे 27

मग मी सांगतो.

गोलार्ध यांनी काढलेली ती कमान जमिनीवर कुठून जाते ते बघा. मुंबई सोडताना दिशा साधारण 319 अंश, म्हणजे वायव्य. कराचीच्या आसपासून ती पाकिस्तानात शिरते, मग इराणचं मधलं वाळवंट, कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमिया, दक्षिण युक्रेन आणि पुढे मध्य युरोप. आता यातलं काय काय बंद आहे ते मोजा. युक्रेनचं आकाश नागरी विमानांना 24 फेब्रुवारी 2022 पासून बंद. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना 24 एप्रिल 2025 पासून मज्जाव केला आणि मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. (2019 मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून 16 जुलैपर्यंत हेच झालं होतं.) इराण-इराकची बाजू 2025 च्या जूनमध्ये युद्धामुळे बंद झाली होती. थोडक्यात, जवळचा रस्ता कागदावरच आहे.

मुंबईचं नशीब एवढंच की शेजारी अरबी समुद्र आहे. दिल्लीच्या भारतीय विमानांना पाकिस्तान टाळायला आधी खाली गुजरातकडे उतरावं लागतं, मुंबईहून सरळ पश्चिमेला मस्कतच्या दिशेने निघता येतं. हिशोब असा:

मस्कतवरून: 1,589 + 5,829 = 7,418 किमी. जवळच्या अंतरापेक्षा 210 किमी जास्त, म्हणजे जेमतेम पाव तास.

मस्कत आणि कैरोवरून, म्हणजे इराण-इराक दोन्ही टाळून सौदी-इजिप्त-ग्रीसच्या बाजूने: 1,589 + 2,754 + 3,530 = 7,873 किमी. इथे 665 किमी वाढतात, वेळ पाऊण तास.

तुम्हाला अ‍ॅपवर 7,800 च्या वर दिसलं तो बहुधा या दुसऱ्या जातीचा दिवस असणार. हवाई मार्ग शहरांवरून नेमके जात नाहीत, त्यामुळे वीस-पन्नास किमीचा फरक सोडून द्या. बोइंग 787 तासाला साधारण पाच टन इंधन पिते. पाऊण तास वाढला की जवळजवळ चार टन इंधन जास्त भरावं लागतं, आणि वजनाची मर्यादा आली की आधी मालवाहतूक कमी होते.

ब्रिटिश कंपन्यांना पाकिस्तानची ती बंदी लागू नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच वेळेला निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांचे रस्ते वेगळे दिसतात. त्यात गोंधळून जाऊ नका.

---

वाशी_खाडी

येताना वेळ कमी लागतो कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मुंबई पुढे सरकते की मागे, त्यावर.

---

रनवे 27

नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान हवेत असतं. नुसत्या फिरण्याने काही मिळत नाही आणि काही जातही नाही. असं असतं तर मुंबई–केप टाउन आणि मुंबई–टोकियो यांची वेळापत्रकं भलतीच दिसली असती.

फरक पडतो तो वाऱ्याने. 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा इराणपासून उत्तर भारतापर्यंत खाली उतरतो आणि त्याच्या गाभ्यात 100 नॉटहून (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) जास्त वेग नेहमीचा. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

पुणे_ते_लेस्टर, तुमचं तिकीट आता मांडून बघू. विमानाचा हवेतला वेग मॅक 0.85 (आवाजाच्या वेगाच्या 0.85 पट), त्या उंचीवरच्या थंडीत म्हणजे सुमारे 487 नॉट, ताशी 902 किमी. तुमचा 900 चा आकडा बरोबरच होता. मस्कतवरून अंतर 4,005 नॉटिकल मैल. पूर्ण वाटेवर सरासरी 40 नॉटचा विरुद्ध वारा धरला तर जमिनीवरचा वेग 447, वेळ 8 तास 58 मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची 20 मिनिटं. मुंबईला गेट सोडल्यापासून धावपट्टीपर्यंत आणि हीथ्रोला उतरल्यापासून गेटपर्यंत मिळून अर्धा तास. बेरीज 9 तास 48 मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी: वेग 527, वेळ 7 तास 36, अधिक 20, अधिक 30, म्हणजे 8 तास 26. तिकिटाच्या आकड्यांपासून आपण दहा मिनिटंसुद्धा लांब नाही.

तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा नव्हे. 'साडेनऊ तासांचं विमान नऊ तासांत पोचलं, वैमानिकाने पळवलं' असं जे म्हणतात, त्यात बहुतेकदा वैमानिकाने काहीच केलेलं नसतं. वारा कमी होता किंवा रांग लहान होती. कंपन्या वेळापत्रकात थोडी सवड ठेवतात ती याचसाठी.

रांगेचं म्हणाल तर मुंबईच्या दोन धावपट्ट्या, 09/27 आणि 14/32, एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी गेट सुटल्यावर वीस-तीस मिनिटं रांगेत जाणं नेहमीचं. हीथ्रोला उलटं, तिथे रांग हवेत लागते. बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशी चार ठिकाणं आहेत, तिथे विमानं एकावर एक थरांत घिरट्या घालतात. पूर्वेकडून येणारी सहसा लॅम्बोर्न किंवा बिगिनला. खिडकीतून तीच शेतं पुन्हा पुन्हा दिसायला लागली की समजायचं. दहा मिनिटं त्यात जाणं काही विशेष नाही.

---

लंडनवासी_मावशी

आकडेमोड झाली, आता घड्याळाकडे बघा. यात घरोघरी घोळ होतो.

भारताची वेळ वर्षभर तीच. ब्रिटनची मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येते. त्यामुळे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचारचा. तुमच्या आई-बाबांचं जाणं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे साडेपाच. येणं जूनमध्ये, म्हणजे साडेचार. जाताना-येताना एकच फरक धरून प्रवासाचे तास मोजले की उत्तर एक तासाने चुकतं. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रकही त्याच मार्चच्या रविवारपासून सुरू होतं, म्हणून त्या आधीच्या आठवड्याची वेळ बघून एप्रिलचा बेत आखू नये.

उदाहरण घेऊ. मुंबईहून दुपारी 1:00 ला सुटलं, 9 तास 45 मिनिटं. मुंबईच्या घड्याळात रात्रीचे 10:45. त्यातून साडेपाच वजा, हीथ्रोला संध्याकाळचे 5:15. तारीख तीच. जूनमध्ये लंडनहून रात्री 8:30 ला निघालं, 8 तास 35 मिनिटं: लंडनच्या घड्याळात पहाटेचे 5:05, अधिक साडेचार, मुंबईत सकाळचे 9:35, आणि तारीख दुसरी. तिकिटावर वेळेशेजारी बारीक +1 असतो तो हाच. पुण्याहून आणायला येणारा भाचा एक दिवस आधी विमानतळावर जाऊन उभा राहतो तो या +1 मुळे.

आणखी एक. तिकिटावर शहराचं नाव वाचू नका, विमानतळाचं संक्षिप्त नाव वाचा. लंडनमध्ये हीथ्रो म्हणजे एलएचआर, गॅटविक म्हणजे एलजीडब्ल्यू. गॅटविक लंडनच्या दक्षिणेला आहे, लेस्टर उत्तरेला. आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. जुना तो बीओएम, नवा तो एनएमआय. पुण्याकडून येणाऱ्यांनी तर हे तिकीट काढतानाच बघावं, कारण एकासाठी खाडी ओलांडायची आणि दुसऱ्यासाठी नाही.

---

घाट_उतार

पुण्याच्या बाजूचं लिहितो, कारण सगळ्यात बेभरवशाचा टप्पा तोच आहे. विमान 7,400 किमीत वीस मिनिटं चुकतं, एक्सप्रेसवे 150 किमीत दोन तास चुकतो.

दुपारी 1 चं विमान धरू. आंतरराष्ट्रीय काउंटर कंपनीनुसार सुटण्याच्या 60 ते 75 मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे 11:45 ही शेवटची रेघ. ज्येष्ठ नागरिक, सामान, व्हीलचेअर असताना टर्मिनल 2 वर 10 वाजता हवं. पुणे ते टर्मिनल रस्ता मोकळा असेल तर साडेतीन ते चार तास. पण खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की संपलं, म्हणून पहाटे 5 ला निघा. वाशीवरून चेंबूर, सांताक्रूझ–चेंबूर लिंक रोड, मग पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि सहारचा उन्नत रस्ता. चेंबूरला तुंबलं असेल तर ऐरोलीवरून जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ टाळता आली तर उत्तम. घाटात कामासाठी वाहतूक रोखणार असतील तर महामार्ग पोलीस आधी जाहीर करतात, आदल्या रात्री बातमी बघा.

मुंबई विमानतळ पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस धावपट्ट्यांच्या देखभालीसाठी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद ठेवतात. तारीख कितीतरी आधी जाहीर झालेली असते. तुमच्या मार्चला त्याचा संबंध नाही, मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरवाल्यांनी लक्षात ठेवा.

---

लंडनवासी_मावशी

आता बस. 5:15 ला गेटवर लागलं असं धरा. भारतीय पासपोर्टला हीथ्रोची स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं. चालणं, पासपोर्ट, सामान मिळून एक ते दीड तास. म्हणजे 6:45 ला बाहेर. त्यानंतर पाऊण तासाचा मोकळा वेळ ठेवून 7:30 ची बस घ्या. त्याआधीची नको. विमान तासभर उशिरा आलं तर ही बससुद्धा जाईल, म्हणून तिकीट वेळ बदलता येणारं काढा, चार पौंड जास्त गेले तरी. नॅशनल एक्सप्रेसची बस हीथ्रोहून थेट लेस्टरला जाते, अडीच ते तीन तास. टर्मिनल 2 आणि 3 साठी ती मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून सुटते, टर्मिनल 5 चा थांबा वेगळा. एअर इंडिया टर्मिनल 2 ला, व्हर्जिन 3 ला उतरते. ब्रिटिश एअरवेजचं बुकिंगवर बघून घ्या.

रेल्वेने वेळ थोडा कमी लागतो, पण सामान घेऊन गाडी बदलायची. पिकॅडिली लाइनने थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस, तासभर. किंवा एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन आणि तिथून थेम्सलिंकने पुढचंच स्टेशन. सेंट पँक्रस ते लेस्टर सव्वा तासाच्या आसपास. दोन मोठ्या बॅगा आणि सत्तरीची माणसं असताना मी बसच म्हणेन.

व्हीलचेअर तिकिटावर 48 तास आधी टाकून घ्या आणि प्रकार नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिने चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. नुसतं 'व्हीलचेअर' म्हटलं की पहिला प्रकार पडतो, आणि विमान गेटऐवजी मैदानात उभं राहून शिडी लागली तर पंचाईत. चेअरवाल्यांना पासपोर्टची रांग सहसा वेगळी मिळते, मात्र विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. दोन्ही मिळून वेळ साधारण तेवढाच धरा.

पुण्यात पहाटे 5 ला दार लावलं, लेस्टरला रात्री 10:30 ला उघडलं. तेव्हा भारतात पहाटेचे 4. तेवीस तास. त्यातले हवेत जेमतेम सव्वानऊ.

---

गोलार्ध

अंतराचा आणखी एक उपयोग राहिला. उशिराची भरपाई. ब्रिटनच्या नियमात ती उडालेल्या किलोमीटरवर नाही, मी वर काढलं त्याच जवळच्या अंतरावर ठरते. 3,500 किमीच्या पुढे असेल आणि पोचायला 4 तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी 520 पौंड, 3 ते 4 तासांना निम्मे, 260. मुंबई–हीथ्रो आरामात त्या गटात बसतं.

पण लागू कुणाला ते बघा. ब्रिटनमधून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू. ब्रिटनमध्ये येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीचं मार्चचं विमान त्यात नाही, त्याच कंपनीचं जूनचं आहे. आकाश बंद झाल्याने उशीर झाला तर तो कंपनीच्या हाताबाहेरचा, रोख भरपाई मिळत नाही. जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल मात्र द्यावंच लागतं. बोर्डिंग पास आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा.

---

पुणे_ते_लेस्टर

सगळ्यांचे आभार. बस 7:30 ची, बदलता येणारी काढली. एकच शंका: दुबईमार्गे तिकीट माणशी बरंच स्वस्त आहे आणि अंतर फक्त 212 किमी जास्त. मग ते का नको?

---

रनवे 27

अंतर वाढत नाही, वेळ वाढतो. मुंबई–दुबई तिकिटावर तीन-सव्वातीन तास, दुबई–हीथ्रो साडेसात-पावणेआठ, आणि मधला थांबा. थांबा दोन तासांचा असला तरी एकूण तेरा तास होतात. चढणं-उतरणं, गेट ते धावपट्टी, रांग हे सगळं दोनदा. शिवाय दुबईला सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि गेट लांब असतात, तेव्हा व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांवर टाकलेली हवी.

घेणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. मग पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तरी दुसरं देणं कंपनीवर येतं आणि सामान थेट हीथ्रोचं लागतं. वेगवेगळी तिकिटं काढून वाचवलेले पैसे एका चुकलेल्या विमानात जातात. थांबा तीन तासांचा निवडा, दोनचा नको.